हौदाचा तळ

त्या दिवशी जाळीत उंदीर आला. मेलेला, फुगलेला, अंगावरचे केस अर्धे गळालेले आणि शेपटीला कुजकं पान चिकटलेलं. जाळी म्हणजे लांब दांड्याची, पाण्यावरचा कचरा उपसायची. उंदराला मी कुंपणाच्या कडेला नेऊन पुरलं, साबण लावलावून हात धुतले, कातडी पांढरी पडली तेव्हा थांबले. तरीही चहाचा कप तोंडाशी नेला आणि वास आलाच. चहा तसाच सिंकमध्ये ओतला. तिथेच उभ्या उभ्या ठरवलं, आता बस. हा हौद बुजवायचा.

घरात त्याला हौद म्हणणारी मी एकटी. बाकीचे सगळे पूल म्हणतात, तेही तोंड भरून. आमच्या ह्यांचा फरशांचा धंदा होता. दुकानात निळ्या फरशांचा ढीग पडून राहिला होता, कुणी घेईना, म्हणून ह्यांनी परसात खड्डा खणून त्यात त्या खपवल्या, असं माझं आजही मत आहे. ते म्हणायचे, मुलांसाठी बांधला. घरामागे तेव्हा चांगली मोकळी जमीन होती. मला तिथे दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचे होते, एक बाकडं टाकायचं होतं, संध्याकाळी पाय पसरून नुसतं बसायचं होतं. मी म्हटलं, हौद नको. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोदणारे दारात हजर.

ह्यांची पद्धतच ती. आयुष्यात मला कधी नाही म्हणाले नाहीत. गोड हसून "तू म्हणशील तसं" म्हणायचे आणि मग त्यांना हवं तेच करायचे. त्यामुळे भांडायची सोयच नव्हती. भांडायला समोर कुणीतरी नाही म्हणणारं लागतं.

मग दर रविवारी पाहुणे. ह्यांचे मित्र, मित्रांच्या बायका, बायकांच्या बहिणी, बहिणींची पोरं. सगळे ओल्या अंगाने घरभर फिरायचे. सोफ्यावर ओले डाग, बाथरूमच्या दारामागे कुणाकुणाचे ओले टॉवेल, आणि जमिनीवर पावलांचे ठसे थेट स्वयंपाकघरापर्यंत. हौदाचं पाणी गाळायचं एक यंत्र होतं आणि त्या यंत्रात एक टोपली होती. त्या टोपलीत काय अडकतं, हे पाण्यात डुंबणाऱ्याला कधी कळत नाही. ते फक्त टोपली साफ करणाऱ्याला कळतं. केस अडकतात. लांब, आखूड, पिकलेले, रंगवलेले, सगळे एकमेकांत गुंतून त्यांचा एक बुळबुळीत गोळा होतो आणि तो बोटं घालून उपसावा लागतो. जखमेवरच्या पट्ट्या असतात. चघळून टाकलेलं च्युइंग गम असतं. एकदा ह्यांच्या एका ढेरपोट्या मित्राचा खोटा दात निघाला. मी तो कागदात गुंडाळून त्याला नेऊन दिला. त्याने तो ओल्या चड्डीला पुसला, तिथल्या तिथे तोंडात बसवला आणि मला म्हणाला, "वहिनी, चहा होईल का?"

पोरं एकदा पाण्यात उतरली की दुपार कलेपर्यंत बाहेर यायची नाहीत. एवढ्या वेळात एकालाही बाथरूमला जावंसं वाटायचं नाही. याचा अर्थ मला कळत होता. बाकी कुणाच्या डोक्यात तो विचार शिरतही नव्हता. मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणायचे, "अगं, क्लोरीन आहे पाण्यात." जसं काही घाण पाहुणी म्हणून आलेली असते आणि क्लोरीन टाकलं की निघून जाते. मी त्या पाण्यात एकदाही उतरले नाही. माझ्या अंगाला मात्र सगळ्यात जास्त क्लोरीनचा वास यायचा.

हे गेले त्याला आता दीड वर्ष झालं. वाईट वाटलं, अजून वाटतं. माणूस हसरा होता, घरात आवाज होता. झोपेत अजून हात पलंगाच्या त्या बाजूला जातो आणि गार चादरीला लागला की जाग येते. पण हौदासाठी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नसतं. ह्यांच्या मागोमाग ते गाळायचं यंत्रही बंद पडलं. पाणी आधी धुरकट झालं, मग हिरवं, मग ज्याला रंग म्हणावा असं काही राहिलंच नाही. वर शेवाळाची साय धरली. तिच्याखाली अळ्या वळवळायच्या. बेडूक आले, बेडकांनी संसार थाटला, आणि उन्हाची तिरीप पडली की असा काही भपकारा सुटायचा की मागची खिडकी उघडायची सोय उरली नाही. शेजारच्या बाई कुंपणावरून माझ्याशी बोलताना नाकाला रुमाल लावायच्या. बोलायच्या गोड, रुमाल काही काढायच्या नाहीत.

ठेकेदार आला तो हातात मोजायची पट्टी घेऊनच. बोलताना पट्टी ओढायची आणि सोडून द्यायची, अशी त्याला खोड होती. काठावर उभा राहून त्याने आत डोकावलं आणि दोन पावलं मागे सरकला.

"काकू, हे काय करून ठेवलंय?"

"मी नाही केलं. मी फक्त सांभाळलंय. बुजवायला काय करावं लागेल ते सांगा."

त्याने सांगितलं. आधी पंप लावून पाणी काढायचं, मग गाळ. मग मशीन आणून काठ वरून दोन हात फोडायचे, तळाला भोकं पाडायची, फोडलेले तुकडे आतच टाकायचे आणि वरून थराथराने माती दाबत यायचं.

"तळ कशाला फोडायचा?" मी विचारलं. "वरून माती टाकली की झालं ना?"

"नाही हो काकू. हे म्हणजे एक मोठं पातेलं आहे असं समजा. पातेल्यात माती भरली आणि वरून पाऊस पडला, तर ते पाणी जाणार कुठे? खाली साठून राहणार. वर हिरवळ दिसेल, पण पाय ठेवला की पचपच करेल. आणि वास यायचा तो यायचाच. तळाला भोकं पाडली की पाणी आपलं आपण जमिनीत उतरतं. मग खुशाल बाकडं टाका, बसा." पट्टी सर्रकन आत गेली. "फक्त एक लक्षात घ्या. काठ काय, परत बांधता येतो. पण तळ एकदा फुटला की हा पुन्हा पूल व्हायचा नाही. त्यामुळे विचार करून सांगा."

"विचार तुम्ही शाळेत होता तेव्हाच करून झालाय," मी म्हटलं. "तळ फोडा."

मुलांना सांगणं भागच होतं. मुलगा आणि मुलगी, दोघंही लांब असतात, विमानाने जावं लागतं इतक्या लांब. ह्यांच्या वेळी आली होती, आठवडाभर राहिली, कपाटातली ह्यांची घड्याळं आणि शर्ट आपसात वाटून घेतले आणि गेली. त्यात काही चूक नाही, त्यांचे संसार आहेत. मुलाला दोन मुलं आहेत. ती मला फोनमध्ये एवढीशी दिसतात, "हाय आजी" म्हणतात आणि पळतात. धाकट्याचा तर मला फक्त आवाज आणि कपाळ माहीत आहे, कारण तो फोन तोंडाशी आणूनच बोलतो.

दोघांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेऊन मी हौदाचं नाव काढलं मात्र, मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, नको ना. आमचं सगळं लहानपण आहे गं त्याच्यात."

"आहे ना. त्याच्यात उंदीरही आहे."

"आई, चेष्टा नको करूस. बाबांनी किती हौसेने बांधला होता."

"लहानपण तुमचं, हौस बाबांची आणि जाळी माझी. वाटणी बरी केलीत."

मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, "आई, तो साफ करून घेऊ या ना. माणूस लावू. तुला काही करायला लागणार नाही." हे "तुला काही करायला लागणार नाही" मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ऐकलं होतं. फोन घेऊन परसात गेले, काठावर वाकले आणि कॅमेरा पाण्याच्या अगदी जवळ नेला. तिथे नेमका एक बेडूक उताणा तरंगत होता.

"ई! आई, बंद कर ते! मी जेवतेय!" मुलगी ओरडली.

"तुम्ही नुसतं बघताय. मी इथे राहते."

मग मुलगा म्हणाला, "बरं. ठीक आहे, आई. तू म्हणशील तसं."

माझ्या डोक्यात तिथेच घंटा वाजायला हवी होती. सगळी हयात ज्या वाक्याने मला गुंडाळलं, ते त्याच आवाजात, त्याच गोडीने माझ्या पोराच्या तोंडून आलं आणि मी खूश झाले. वर तो म्हणाला, "ठेकेदाराचा नंबर दे मला. मी बोलून घेतो जरा, तुला एकटीला बघून फसवायला नकोत." तर मी कौतुकाने नंबरही दिला.

पाणी उपसायला पंप लागला. दिवसभर त्याची घरघर, आणि नळीतून गटारात जाणारं ते दाट, काळपट पाणी. पातळी खाली जाऊ लागली तशी भिंतींवर शेवाळाची कातडी दिसायला लागली, लोंबणारी, ओली. वास असा की शेजारच्या बाईंनी कुंपणापाशी यायचंच सोडलं, नुसता रुमाल खिडकीत दिसायचा. शेवटी तळ उघडा पडला आणि त्यावर घोट्याएवढा गाळ. ठेकेदाराची माणसं फावड्याने तो ओढायला लागली तेव्हा त्यातून एकेक वस्तू यायला लागली. पोहायचे चष्मे, रबर तुटलेले. केसांचे चाप. कुणाचा तरी एक बूट. रबरी बदक, त्याच्या पोटात काळं पाणी भरलेलं, दाबलं की चोचीतून पिचकारी. आणि माझे चमचे. वर्षानुवर्षं माझे चहाचे चमचे कमी व्हायचे आणि मी बिचाऱ्या कामवालीवर संशय घेतला होता. ते सगळे तळाशी, गाळात, हिरवेगार. पाहुणे चहा पाण्यात बसून प्यायचे आणि चमचा द्यायचे सोडून.

एक माणूस म्हणाला, "काकू, धुऊन घ्या, चालतील." मी म्हटलं, "तूच घे. चालव."

गाळ निघाला तरी सगळा निघाला नाही. फरशीवर एक पातळ, चिकट थर राहिलाच. ठेकेदार म्हणाला, राहू दे, तळ फोडल्यावर सगळं एकच होणार आहे.

मशीन आलं त्या सकाळी मी मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले. कुणी सिनेमा बघायला बसतं, तशी मी बसले होते. मशीनच्या लांब सोंडेला पुढे एक जाड लोखंडी दांडा बसवलेला होता, ठोके मारणारा. काठावर पहिला ठोका बसला आणि निळ्या फरशांचे तुकडे उडाले तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते. दुपारपर्यंत चारही काठ फुटले. मग मशीन थांबलं, आणि ठेकेदाराच्या माणसांनी एक प्लास्टिकची भली मोठी, जाड गुंडाळी आणून काठाशी टाकली. रस्त्यावर वाळूचा ट्रक येऊन उभा राहिला.

मी उठून गेले. "हे प्लास्टिक कशाला?"

ठेकेदार पट्टीशी खेळायला लागला. "खाली पसरायला, काकू."

"खाली कशाला? तळाला भोकं पाडायची ना तुम्हाला?"

"अं... दादांचा फोन आला होता ना."

"कुठल्या दादांचा?"

"तुमच्या मुलाचा. ते म्हणाले, तळ नका फोडू. काठ हवे तर फोडा, आईला बरं वाटेल. खाली प्लास्टिक टाका, वर नुसती वाळू भरा, आणि वर मातीचा थर देऊन गवत लावा. म्हणजे पुढेमागे वाळू काढली की पूल जसाच्या तसा." त्याने माझ्याकडे बघणं टाळलं. "मी म्हटलं त्यांना, पाणी साठेल, वास येईल. तर म्हणाले, आईला त्यातलं काय कळतंय, तुम्ही करा. आणि म्हणाले, थोड्या वर्षांचाच प्रश्न आहे."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. मशीनवालाही वरून आमच्याकडे बघत होता. त्याने उगाचच कानात बोट घालून फिरवलं.

थोड्या वर्षांचाच प्रश्न आहे. कुणाच्या वर्षांचा, ते विचारायची गरज नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंदीर मी हाताने उचलला होता, केसांचे गोळे हाताने काढले होते, दुसऱ्याचा दात कागदात गुंडाळला होता, पण अशी किळस मला कशाचीच आली नव्हती. माझं पोर, माझ्याच दुधावर वाढलेलं, तिकडे बसून हिशेब करत होतं की ही म्हातारी अजून किती दिवस या वासात काढणार, आणि ते त्याला चालण्यासारखं वाटत होतं.

"मशीन चालवायचं नाही आणि वाळूही टाकायची नाही," मी म्हटलं. "मी आले."

उथळ बाजूच्या पायऱ्या अजून शाबूत होत्या. त्या पायऱ्यांवरून मी आत उतरले. हातात फोन, पायात घरातल्या चपला. ठेकेदार वरून ओरडत होता, काकू नका, काकू निसरडं आहे. त्याचं बरोबर होतं. खोल बाजूला उतार लागला, पाय सटकला आणि मी बसकण मारली ती थेट खाली घसरत गेले. हात कोपरापर्यंत त्या चिकट थराने बरबटले. अंगाखालून थंड, बुळबुळीत काहीतरी झिरपत कपड्यांत शिरलं. फोन मात्र मी वर धरला होता. लागलं नाही, पण उठावंसंही वाटेना. मी तिथेच बसले आणि मुलाला फोन लावला.

"आई? कुठे आहेस तू? मागे निळं काय दिसतंय?"

"हौदात आहे. बहिणीलाही घे फोनवर."

मुलगी आली आणि मला बघून तिच्या तोंडून किंचाळीच निघाली. "आई! पडलीस का? लागलं का? आणि तुझ्या हाताला काय लागलंय?"

"तुझं लहानपण लागलंय. आता दोघं ऐका. तळ फोडू नका म्हणून ठेकेदाराला कुणी सांगितलं?"

मुलगा म्हणाला, "आई, मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

"काम झालं की. अगं, तुला फरक काय पडतो? वरून गवतच दिसणार आहे."

"आणि खाली पाणी साठून कुजणार आहे. तो वास तुझ्या नाकाला येणार आहे का तिकडे?"

"ठेकेदार लोक असंच घाबरवतात गं."

वर ठेकेदाराने आभाळाकडे बघितलं.

"थोड्या वर्षांचाच प्रश्न आहे, असं तू त्याला म्हणालास?"

फोनमधलं त्याचं तोंड हलेना, तेव्हा मला वाटलं नेट गेलं. गेलं नव्हतं, त्याच्या मागे पंखा फिरत होता.

"आई, त्याला तसं म्हणायचं नव्हतं," मुलगी म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आम्ही दोघं... बोललो होतो, एवढंच."

"छान. म्हणजे माझ्या मरणावर दोघांची मीटिंग झाली आणि मला आमंत्रण नाही."

"आई, प्लीज." मुलाचा आवाज बदलला. "तू असं बोलू नकोस. मला तो पूल हवाय, यात माझं काय चुकलं? बाबांनी मला तिथे पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायचे आणि न सांगता काढून घ्यायचे. मला माझ्या मुलांना तिथेच शिकवायचंय. आम्ही येणारच आहोत ना परत. कधीतरी येऊच. म्हणून म्हटलं, तळ तेवढा राहू दे."

ते नाटक नव्हतं, माझ्या पोराचं नाटक मला कळतं. आणि खरं सांगते, माझा राग तिथे जागच्या जागी बसला. मला एकदम ती दोन पोरं दिसली, फोनमधली एवढीशी नाही, चांगली मोठी, ओलीचिंब, घरभर पावलं उमटवत स्वयंपाकघरात घुसलेली आणि आजी, भूक लागली म्हणून ओरडणारी. सोफा भिजवला असता त्यांनी. भिजवू देत, मला वाटलं.

"मग ये," मी म्हटलं.

"काय?"

"ये म्हणते. मुलांना घेऊन ये. मशीन मी आत्ताच्या आत्ता परत पाठवते. काठ फुटलेत ते बांधून घेते. हौद घासते, मी स्वतः घासते. पाणी भरते. जाळी मारते, टोपलीतले केस काढते. तुझ्या पोरांनी आत काहीही करू दे, एक शब्द बोलणार नाही. या सुट्टीत ये."

"या सुट्टीत?" तो चाचरला. "आई, या सुट्टीत कसं जमेल? हिच्या ऑफिसचं..."

"मग पुढच्या."

"पुढच्या वर्षी मोठ्याचं शाळेचं महत्त्वाचं वर्ष आहे."

"मग त्याच्या पुढच्या. तू सांग. महिना नको सांगूस, नुसतं वर्ष सांग. तोवर मी ही घाण सांभाळते. आणि तू गं? तू तरी सांग."

"आई, असं पटकन कसं सांगणार?" मुलगी म्हणाली.

"पटकन नको. मी बसलेय."

मी खरंच बसले होते. ओलं कपड्यांतून आतपर्यंत पोचलं होतं. पाठीमागे कुठेतरी एक बेडूक राहिला होता, तो भिंतीवर चढायचा प्रयत्न करून पुन्हा पुन्हा पडत होता, थप्, थप्. या सगळ्याची मला किळस यायला हवी होती. आली ती माझ्याच आवाजाची. काय तो चिकट, आर्जवी आवाज! पाहुण्यांना चहाला बोलवावं तसं मी माझ्या पोरांना माझ्या घरी बोलवत होते, आणि त्यांना डायरीत जागा सापडत नव्हती.

तेवढ्यात फोनमध्ये मध्येच एक कपाळ घुसलं. धाकटा. "आजी, तू घाणीत का बसलीयेस? ई!"

"सरक रे," मुलाने त्याला बाजूला केलं. "आई, तू आधी वर ये बघू. आपण नंतर शांतपणे बोलू."

मी वर बघितलं. "ठेकेदार, तळ फोडा."

"हो काकू," तो म्हणाला, पण हलला नाही. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या हातातल्या फोनकडे बघत होता. मी हौदाच्या तळाशी बसून, माझ्या घरात, माझ्या तोंडाने सांगत होते आणि हा माणूस फोनमधल्या होकाराची वाट बघत होता.

"बरं," मी म्हटलं. "या खाली. या, घाबरू नका, फार तर पडाल."

तो भिंतीला धरत, पाय तिरके टाकत खाली आला. मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "मी विचारून बघितलं, मला काही सांगत नाहीत. आता तुम्ही विचारा. तुमचं ऐकतात. कधी येताय म्हणून विचारा. वर्ष सांगितलं तर तळ नका फोडू, पसरा ते प्लास्टिक. मी काही म्हणणार नाही."

ठेकेदाराचा चेहरा पडला. त्याला हे सगळं नको होतं. त्याने घसा साफ केला आणि रस्त्यात भेटलेल्या माणसाला विचारावं तसं साधेपणाने विचारलं, "काय दादा, कधी येताय मग इकडे?"

आम्ही दोघांनी वाट बघितली. मशीनवाल्याने मशीन बंद केलं होतं, त्यामुळे फोनमधला पंखासुद्धा ऐकू येत होता. मुलाने एकदा बहिणीकडे बघितलं, म्हणजे फोनमध्ये जिथे बहीण दिसते तिथे. मग तो हसला, गोड, ह्यांच्यासारखा.

"बघू," तो म्हणाला.

ठेकेदाराने फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला आणि माझ्याच मांडीवर ठेवला. मग मला हात दिला. माझा हात कोपरापर्यंत घाणीने भरलेला होता, ती त्याच्या बोटांत शिरली, त्याचं तोंड वाकडं झालं, पण हात त्याने सोडला नाही. उथळ बाजूच्या पायऱ्यांपर्यंत मला ओढत आणलं, वर चढवलं, खुर्चीवर बसवलं.

"आईंना पाणी द्या कुणीतरी," तो आपल्या माणसांना म्हणाला, आणि मशीनवाल्याकडे वळून ओरडला, "खोल बाजूने घे. तळ पहिला."